सगळ्यांच्या पाचच गोळ्या उरतात तेव्हा

माझं काम नेमकं काय होतं, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मी नर्स होते तोवर ठीक होतं. सुमन इंजेक्शन देते, सलाइन लावते, एवढं त्यांना पुरायचं. पुढे लोणावळ्याच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात संशोधन विभाग निघाला आणि मला तिथली समन्वयिका केलं. तेव्हापासून त्या शेजारणींना सांगायला लागल्या, "आमची सुमन आता पोरांना डॉक्टरकी शिकवते." मी कितीदा म्हटलं, "अहो आई, शिकवत नाही मी, त्यांच्या मागे कागद घेऊन फिरते." त्यावर त्यांचं ठरलेलं, "मग त्यासाठी तळेगावहून रोज एवढ्या लांब कशाला जातेस?"

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. सासूबाई नाहीत, पण प्रश्न तोच घेऊन दुसरी माणसं येतात. तेव्हा एकदाच सांगून टाकते.

डॉक्टरकीची मुलं शेवटचं वर्ष बाकी असताना कॉलेजातून वर्षभराची रजा घेऊन आमच्याकडे यायची. याला फेलोशिप म्हणतात. जानेवारीत दोन मुलं यायची, डिसेंबरात जायची. प्रत्येकाने एक प्रश्न धरायचा आणि वर्षभर खऱ्या पेशंटांना भेटून, तपासून, टिपून त्याचं उत्तर शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तेवढ्यात बरोबरीची मुलं पुढच्या वर्गात जातात, आणि हे इकडे मावळात खांद्याला बीपीचं मशीन अडकवून चिखल तुडवत असतात. उत्तर मिळालं तर नाव होतं. नाही मिळालं तर वर्ष गेलं म्हणायचं आणि हात हलवत परत जायचं. तसं गेलेली मुलंही मी पाहिली आहेत. त्यांना स्टेशनवर सोडायला मीच जायचे.

माझं काम या मुलांना गावात नेण्याचं, आणि गावाला यांच्याशी बोलतं करण्याचं. पेशंटने समजून उमजून संमतीच्या कागदावर सही केल्याशिवाय संशोधन सुरू होत नाही, आणि आमच्या मावळात सही म्हटलं की माणूस दोन पावलं मागे सरकतो. जमिनीच्या दलालांनी इतक्या सह्या घेऊन ठेवल्यात की विचारू नका. एका आबांना मी चार पानांचा कागद देवळासमोर मोठ्याने वाचून दाखवला. रक्तदाब म्हणजे काय, तपासणी कशी, मधेच नको वाटलं तर सोडता येईल, सगळं. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाकी समदं ठीक हाय शिस्टर. फकस्त ह्यात माजा गट नंबर कुटं न्हाई ना, तेवढं परत बगा." मी चारही पानं परत पाहिली. मग त्यांनी सही केली.

अशा कामात मी मुरले होते, असं मला वाटायचं. म्हणून ऋतुजाची गोष्ट सांगते, कारण त्या गोष्टीत चूक माझी होती.

ऋतुजा कराडची. वडिलांचं मेडिकलचं दुकान, पंचवीस वर्षं चाललेलं. मुलगी डॉक्टर होणार म्हणून त्यांनी दुकानाशेजारचा गाळा आधीच धरून ठेवला होता. त्यांना ही फेलोशिप अजिबात पसंत नव्हती. तिला सोडायला आले तेव्हा माझ्यासमोरच म्हणाले, "सगळं धड चाललेलं असताना एक वर्ष मागे पडायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" पोरगी खाली मान घालून म्हणाली, "एक वर्ष द्या बाबा. काही हाताला लागलं नाही तर तुम्ही म्हणाल तसं." ते गेले. माझा जीव तिथेच तिच्यावर जडला, हे कबूल करते.

तिचा प्रश्न असा: रक्तदाबाची गोळी बायका रोज घेत नाहीत, दोन-चार महिन्यांत सोडतात. दर पंधरा दिवसांनी घरी जाऊन कुणी चौकशी केली तर घेतील का? यासाठी आम्ही भुशी धरणाच्या वरच्या अंगाची एक वाडी निवडली. नाव सांगत नाही, कारण नाव न सांगण्याच्या कागदावर माझीही सही आहे. चाळीसएक बायका निघाल्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. कुणी भातशेतीत, कुणी तुंगार्लीच्या बंगल्यांवर झाडलोट-भांडी करणाऱ्या, कुणी भुशीच्या वाटेवर कणसं भाजून विकणाऱ्या.

गोळी खरंच घेतली का, हे आम्ही कसं ओळखायचो? पंधरा दिवसांसाठी मुद्दाम वीस गोळ्या द्यायच्या. पंधरवड्यानंतर जाऊन उरलेल्या मोजायच्या. पाच उरल्या तर बाईने रोज घेतली. आठ उरल्या तर तीनदा चुकवली. सोबत बीपी मोजायचं आणि लिहायचं. झालं.

पहिल्या दिवशी बायका देवळाच्या मंडपात जमल्या. ऋतुजा घाबरून भराभरा शुद्ध पुस्तकी बोलत होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तिला थांबवलं आणि पुढे झाले. म्हटलं, "हे बघा, ही आपल्या लेकीसारखी. शिक्षण अर्धवट ठेवून आलीय. हिचं वर्ष तुमच्या हातात आहे. जरा सांभाळून घ्या." बायका विरघळल्या. सखूबाई, म्हणजे आपण तिला सखूबाई म्हणू, कणसाची गाडी लावणारी, तिने उठून ऋतुजाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "व्हय गं बाय. तू न्हाई मागं पडायची." मला माझं मोठं कौतुक वाटलं. दवाखान्यात येऊन मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलंसुद्धा, "गाव खिशात."

पहिल्या फेरीला सखूबाईच्या पाच गोळ्या उरल्या होत्या. ऋतुजा हरखून म्हणाली, "अगदी पाच! शाब्बास मावशी!" दुसऱ्या फेरीला निम्म्या वाडीच्या पाच उरल्या. तिसऱ्या फेरीपासून सगळ्या वाडीच्या पाच. चार नाहीत, सहा नाहीत. आम्ही गेलो की प्रत्येक ओसरीवर चहा, आणि चहाच्या बशीशेजारी पाच गोळ्यांची पट्टी. ऋतुजा तक्ता भरायची आणि फोनवर वडिलांना सांगायची. मीही खूश.

आता विचार करा. चाळीस बायका, घरात लग्नं, कुणी माहेरी गेलेली, कुणाला ताप आलेला, आणि एकीचीही एक गोळी चुकत नाही. मी स्वतः थायरॉइडची गोळी आठवड्यातून एकदा विसरते. तरी मला शंका आली नाही. कौतुकाने माणूस आंधळा होतो म्हणतात तसं झालं होतं माझं.

बीपी मात्र जागचं हलेना. मशीन बदलून पाहिलं. मिठाचं विचारून झालं. ऋतुजाचे मार्गदर्शक, आमचे मोठे डॉक्टर, तक्ता बघून डोकं खाजवायचे. रोज गोळी घेऊनही दाब उतरत नाही, म्हणजे गोळी कमी पडते. जूनच्या शेवटी ते म्हणाले, "संशोधन समितीची परवानगी घेऊन डोस दुप्पट करावा लागेल." ऋतुजाने अर्ज लिहायला घेतला.

आणि जुलैतल्या एका रविवारी दुपारी सखूबाईला रिक्षात आडवी घालून आणलं. भुशीवर तुफान गर्दी, कणसांना मागणी, आणि निखाऱ्यापुढे बसल्या बसल्या तिला भोवळ आली. बीपी वरचं दोनशे वीस, खालचं एकशे वीस. ऋतुजाचा चेहरा पांढराफटक. "ताई, ही माझी सगळ्यात चांगली पेशंट आहे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

नशीब, लकवा झाला नाही. वॉर्डात ठेवलं. नर्सने रोज सकाळी समोर उभं राहून तीच गोळी, तेवढ्याच डोसची, पाण्याबरोबर गिळायला लावली. तिसऱ्या दिवशी दाब एकशे पन्नासवर आला. मी चकित. गोळी तर काम करत होती.

मी सखूबाईच्या कॉटवर टेकले. म्हटलं, "मावशी, घरी घेत होता ती हीच गोळी ना?"

ती खुदकन हसली. "घरी कुटं घेत व्हते शिस्टर? हितं संडास जवळ हाय म्हनून घेते."

"म्हणजे?"

"अगं, ती गोळी घेतली की दर घटकंला लघवीला जावं लागतंय. मी सकाळी सातला गाडी लावती ती दिवस मावळस्तोवर. भुशीच्या पायऱ्यांवर ही मानसं. बाईमानसानं जायचं कुटं? एक डाव घेतली, दोन डाव घेतली. मंग दिली सोडून."

"मग पाच कशा उरायच्या?"

"तुमी यायच्या आदल्या दिशी पंधरा काडून ठेवायची. समद्याच काडतात." आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, "तुमीच म्हनला व्हता ना, पोरीचं वरीस हाय, सांभाळून घ्या. मंग आमी सांभाळलं."

तीस वर्षांची नोकरी, शेकडो माणसांच्या सह्या घेतलेल्या, आणि पोरीचं अख्खं काम मी पहिल्याच दिवशी एका वाक्याने बुडवलं होतं. बायकांनी फसवलं नव्हतं. दारात आलेल्या लेकीला नाराज करून पाठवायचं नाही, एवढंच त्यांनी पाळलं होतं, आणि ते करायला मीच सांगितलं होतं. वर डोस दुप्पट झाला असता आणि एखाद्या बाईने घाबरून खरोखर घ्यायला सुरुवात केली असती, तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटत होता.

ऋतुजाला सांगितलं. ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "चार महिन्यांचा तक्ता खोटा." मोठ्या डॉक्टरांनी समितीला कळवलं. समिती म्हणजे संशोधन नीट चाललंय की नाही बघणारी मंडळी. त्यांनी काम थांबवायला सांगितलं आणि पंधरा दिवसांत खुलासा मागितला. काम कायमचं बंद करा म्हणाले तर खेळ खलास. ऋतुजाने वडिलांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन हजर. आमच्या कँटीनमध्ये चहाही न घेता बसले. "झालं ते झालं. सामान बांध. शेवटच्या वर्षाला अजून बसता येईल का ते कॉलेजला विचारू."

मी त्यांना सांगितलं, "चूक तिची नाही, माझी आहे." ते म्हणाले, "असेल. पण वर्ष तिचं गेलं."

तेवढ्यात सखूबाई निरोप घ्यायला कँटीनमध्ये आली, सोबत तिला घरी न्यायला आलेली सून. सुनेच्या हातात चिक्कीचा जुना पत्र्याचा डबा होता. "आत्यांनी मागवला व्हता," म्हणाली. सखूबाईने डबा ऋतुजाच्या मांडीवर ठेवला. आत पांढऱ्या गोळ्या, काठोकाठ.

ऋतुजा बघत राहिली. "मावशी, तुम्ही टाकल्या नाहीत?"

"औषद कुनी टाकतं व्हय? अन्न आन औषद टाकू न्हाई. कुनाकुनाला लागतंय."

"आणि बाकीच्यांनी?"

"कशाला टाकतील? समद्यांच्या घरात असतील की."

ऋतुजा ताडकन उठली. तिचे डोळे चमकले ते मी पाहिले. प्रत्येक घरात न घेतलेल्या गोळ्या तशाच असतील, तर दिलेल्यातून त्या वजा केल्या की घेतलेल्या किती ते कळतं. खोटा तक्ता बाजूला ठेवून खरा तक्ता करता येत होता. वडिलांना म्हणाली, "बाबा, एक दिवस थांबा. मोजून येते, मग बोलू." ते म्हणाले, "सुट्या गोळ्या तू मोजणार? कुठली कसली आहे ते तरी ओळखू येईल का?" आणि मग स्वतःच, जरा चिडल्यासारखे, "चला, मीही येतो."

मोठ्या डॉक्टरांनी समितीच्या अध्यक्षांना फोन करून मोजणीपुरती परवानगी घेतली. दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा मंडपात जमल्या. या वेळी मी आधी बोलले. म्हटलं, "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. पोरीला सांभाळायचं नाही. हिचं वर्ष तुम्ही गोळी घेतल्याने वाचत नाही. तुम्ही खरं सांगितल्याने वाचतं. नाही घेतली तर नाही म्हणा. कुणी रागावणार नाही."

एक म्हातारी म्हणाली, "मंग आदीच सांगायचं की शिस्टर. त्या गोळ्या काडता काडता बोटं दुकली आमची." सगळा मंडप हसला, आणि बायका घरोघर गेल्या.

काय काय आलं म्हणून सांगू. स्टीलच्या डब्या, पदराच्या गाठी, पावडरचा डबा, पानाची चंची, एकीने देव्हाऱ्यातल्या करंड्यात ठेवलेल्या. दोन-तीन जणींकडे मात्र कमी निघाल्या. एकीने भावाला दिल्या होत्या, त्यालाही बीपी आहे म्हणून. ते आम्ही तसंच लिहिलं. मी मेणकापड अंथरलं. ऋतुजाचे वडील मांडी घालून बसले. पांढऱ्या गोळ्यांत कुठे क्रोसिन, कुठे पित्ताची गोळी मिसळलेली. ते नुसत्या नजरेने वेगळी काढायचे, आणि दोन बोटांनी पाच-पाचचे गट सरकवत मोजायचे. हात चालत होता आणि कान बायकांकडे होता.

कारण बायका आता बोलायला लागल्या होत्या. बंगल्यावर काम करणारी एक म्हणाली, "चार बाथरूम हायत मालकिनीच्या. मीच घासते. पर वापरायची न्हाई, असं पयल्याच दिशी सांगितलंय." भाताच्या आवणीला जाणारी म्हणाली, "शेतात गडीमानसं असत्यात. सकाळधरनं पाणीसुदिक पीत न्हाई आमी, आन तुमी गोळी घ्या म्हनता." ऋतुजा एकेकीचं लिहून घेत होती. आधीच्या फेऱ्यांसारखी मान हलवत नव्हती, शाब्बास म्हणत नव्हती. फक्त "कामावर किती वाजता जाता? परत कधी येता?" असं विचारत होती. मला कळलं की पोरीला आता माझी गरज नाही.

संध्याकाळी वडिलांनी शेवटची डबी बंद केली. बॅग घेऊन कराडला निघाले, एकटेच. मुलीला म्हणाले, "खुलाशात आकडे नीट लिही."

समितीने काम सुरू ठेवायला परवानगी दिली. अट एकच, जुना तक्ता लपवायचा नाही, दोन्ही छापायचे. मोठ्या डॉक्टरांनी बायका एकेक तपासून कुणाची गोळी बदलली, लघवी न वाढवणारी दिली. कुणाला तीच गोळी कामावरून घरी आल्यावर घ्यायला सांगितली. मोजणीत आता कुणाच्या पाच उरायच्या, कुणाच्या सात, कुणाच्या नऊ. किती सुंदर दिसत होता तो तक्ता. आणि दिवाळीपर्यंत वाडीतल्या बहुतेक घरांत दाब उतरला. सखूबाई एकशे चौतीसवर आली. मी दोनदा मोजलं, विश्वास बसेना म्हणून.

डिसेंबरात लोणावळ्यातच एका सभागृहात मुलांनी आपापलं काम मांडायचं होतं. आदल्या दिवशी ऋतुजाने मला तिचं लिखाण वाचायला दिलं. त्यात होतं, ‘सहभागी स्त्रियांनी काही सामाजिक कारणांमुळे चुकीची मोजणी दाखवली.’ मी विचारलं, "सामाजिक कारणं म्हणजे कोण गं? मीच ना?" ती कागद आवरायला लागली. म्हटलं, "वाडीने तुला सांभाळलं ते एकदा झालं. आता तू मला सांभाळू नकोस. खरं लिही." तिने माझ्यासमोर बसून वाक्य बदललं: ‘समन्वयिकेने पहिल्या बैठकीत केलेल्या आवाहनामुळे.’

सभागृहात तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं. पुण्याहून आलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, "या समन्वयिका अजून नोकरीत आहेत का?" मी मागच्या रांगेत उभी राहिले. "आहे सर. निवृत्तीला अजून थोडी आहेत वर्षं." ते म्हणाले, "मग पुढच्या मुलांचा पहिला तास तुम्हीच घ्या." सगळे हसले, टाळ्याही वाजल्या. निवृत्त होईपर्यंत तो तास मीच घेतला, आणि सासूबाईंचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं ठरलं. ऋतुजाला त्या वर्षीचं पहिलं बक्षीस मिळालं. सखूबाई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली होती. तिने शिट्टी मारली. सभागृहातल्या डॉक्टर मंडळींना हे नवीन होतं.

चहाच्या वेळी ऋतुजाचे वडील माझ्याकडे आले. मला वाटलं आभार मानतील, किंवा जुना राग काढतील.

"ताई," म्हणाले, "पंचवीस वर्षं हीच गोळी काउंटरवरून देतोय. एकाही बाईला कधी विचारलं नाही, की तू दिवसभर असतेस कुठे." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आता विचारतो. पहिल्या आठवड्यात अकरा जणी म्हणाल्या, भाऊ, आम्ही घेतच नाही."